कार्ल बोर्गवर्ड : चिमुकल्या मोटारींचा कारखानदार

सन १९५० मध्ये उत्तर जर्मनीतील ब्रेमेन शहरी एक विलक्षण मोटारगाडी विक्रीस आली. तिचे नाव लॉइड एलपी ३००. लाकडी सांगाड्यावर प्लायवूडचे तक्ते बसविलेले आणि त्यांवर चामड्यासारखे दिसणारे मेणकापड ताणलेले, असे तिचे अंग होते. पुढल्या बाजूस दोन सिलिंडरांचे २९३ घनसेंटिमीटरचे एंजिन. त्याची शक्ती अवघी दहा अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर ही गाडी ताशी पाऊणशे किलोमीटर धावे, चढ लागला की धापा टाकी. किंमत ३,३३४ मार्क. मेणकापड कोठे फाटले, तर मालकाने औषधाच्या दुकानात जावे, जखमेवर लावावयाची चिकटपट्टी आणावी व ती गाडीस डकवून पुढे चालू लागावे. त्यामुळे ल्युकोप्लास्ट नामक चिकटपट्टीच्या नावावरून लोकांनी तिला 'ल्युकोप्लास्टबॉम्बर' असे थट्टेचे नाव ठेविले. ज्यास मरणाचे भय नाही त्यानेच लॉइड हाकावी, अशा अर्थाचे एक यमकही पोरासोरांच्या तोंडी झाले होते.

परंतु थट्टा करणारे लोकच ही गाडी विकत घेत होते. दोन वर्षांत सुमारे अठरा हजार गाड्या खपल्या. युद्धाने घरदार बेचिराख झालेल्या, पायी किंवा सायकलवर कामास जाणाऱ्या कारकुनास आणि कारागिरास आपल्या बायकामुलांसह पावसात न भिजता गावी जाता यावे, ही गोष्ट त्या काळी किती मोलाची होती, हे आपणांस सहज कळणार नाही. ही गाडी ज्यांच्या कारखान्यातून निघाली ते कार्ल फ्रीडरिख विल्हेल्म बोर्गवर्ड ह्यांचे चरित्र येथे थोडक्यात द्यावयाचे योजिले आहे. ते सर्वस्वी अनुकरणीय आहे असे मात्र कोणी समजू नये.

कार्लचा जन्म १० नोव्हेंबर १८९० रोजी हँबुर्गलगतच्या आल्टोना गावी झाला. बाप कोळशाचा लहानसा व्यापारी आणि घरात तेरा भावंडे. तेव्हा लाडाकोडाचा प्रश्नच नव्हता. शाळा संपताच मुलगा लोखंडकाम शिकण्यास उमेदवार म्हणून राहिला. हातात कानस व हातोडी धरण्याची जी सवय त्या वयात लागली, ती पुढे वीस हजार कामगारांचा धनी झाल्यावरही सुटली नाही. नव्या गाडीचा आकार ठरवावयाचा असला म्हणजे मऊ मातीसारख्या लगद्याचा नमुना पुढ्यात घेऊन ते स्वतः बोटांनी तो घडवीत बसत. उमेदवारीनंतर त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले व १९१३ साली ते एंजिनियर झाले.

पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रेमेनमध्ये मोटारींचे रेडिएटर करणाऱ्या एका लहान कारखान्यात त्यांनी भागी घेतली. हान्सा-लॉइड ही तेथील नामांकित मोटार कंपनी त्यांचे मुख्य गिऱ्हाईक होती. माल वाहून नेण्याची अडचण पडे, आणि देशात पैशाची दाणादाण उडालेली. अशा वेळी १९२४ साली त्यांनी 'ब्लिट्झकारेन', म्हणजे विजेचा गाडा, ह्या नावाची एक तीनचाकी हातगाडीवजा मोटार तयार केली. तिची शक्ती दोन अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या मुलांनी ती पाहिली असती तर खेळणे समजून हसली असती. परंतु ज्या पाववाल्यास, भाजीवाल्यास अगर सुतारास घोडा पोसणे जड आणि मोटार घेणे अशक्य होते, त्यास ही गाडी देवाने धाडल्यासारखी वाटली. जर्मन टपालखात्याने रस्त्यावरील पेट्यांतील पत्रे गोळा करण्यासाठी अशा पुष्कळ गाड्या घेतल्या. बोर्गवर्ड ह्यांच्या साऱ्या वैभवाचा पाया ह्या दोन अश्वशक्तीच्या गाड्याने घातला.

पुढील गाड्यांस त्यांनी 'गोलियाथ' असे नाव दिले. शास्त्रातील तो पलिष्टी राक्षस आपल्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तीन चाकांच्या ठेंगण्या गाडीस दाविदाचे नाव शोभले असते; पण कारखानदाराची नजर ती गाडी काय आहे ह्यापेक्षा आपण काय होणार ह्यावर होती, असे मला वाटते. आणि ते फार लवकर झालेही. विल्हेल्म टेक्लेनबोर्ग नावाच्या व्यापाऱ्याशी १९२८ साली भागी झाली. आणि पुढल्याच वर्षी ज्या हान्सा-लॉइड कंपनीस ते रेडिएटर पुरवीत होते, ती कंपनी त्यांनी आपल्या हाती घेतली! १९३१ साली 'पायोनियर' नावाची प्रवासी तीनचाकी निघाली. दोनशे घनसेंटिमीटरहून लहान एंजिनाच्या तीनचाकीस त्या वेळच्या जर्मन कायद्याप्रमाणे परवाना लागत नसे व करही पडत नसे. बोर्गवर्ड ह्यांनी एंजिन १९८ घनसेंटिमीटरचे केले. मंदीच्या त्या दिवसांत अशा सुमारे चार हजार गाड्या खपल्या.

ह्या तीनचाकी मालगाड्यांच्या धंद्यात त्यांचा मोठा प्रतिस्पर्धी हँबुर्गचा टेम्पो कारखाना होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात ह्याच टेम्पोच्या सहकार्याने आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि तिच्या 'हान्सेआट' तीनचाकीमुळे 'टेम्पो' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. आपल्या बाजारात भाजीच्या पाट्या उतरविणारा हमाल जो शब्द उच्चारतो, तो असा एल्ब नदीच्या काठाहून आलेला आहे.

आता चरित्राचा तो भाग येतो, जो काही चरित्रकार दोन ओळींत उरकतात. टेक्लेनबोर्ग १९३७ साली भागीतून निघाले व बोर्गवर्ड एकटेच धनी झाले. १९३८ साली ब्रेमेनच्या झेबाल्ड्सब्रुक भागात त्यांचा भव्य नवा कारखाना उभा राहिला, आणि त्याच वर्षी ते हिटलरच्या पक्षाचे सभासद झाले. युद्ध सुरू होताच तेथे सैन्याच्या मालमोटारी व पट्ट्यांवर चालणारी वाहने तयार होऊ लागली. कामास माणसे उरली नाहीत, तेव्हा परदेशांतून धरून आणलेले मजूर, युद्धकैदी व छळछावणीतील बंदी तेथे राबविले गेले. ह्याच कारखान्यात १९४२ पासून एक अगदी ठेंगणे वाहन तयार होऊ लागले. त्यात माणूस बसत नसे. मागे सोडलेल्या तारेने दुरून त्यास हाकावयाचे, शत्रूच्या रणगाड्याखाली वा भिंतीपाशी न्यावयाचे, आणि आतील दारूगोळ्यासह उडवून द्यावयाचे. त्याचेही नाव गोलियाथ. १९४४ साली वॉर्सा शहराच्या उठावात ही वाहने तेथील लोकांविरुद्ध वापरली गेली. पाववाल्याचा भार हलका करणारी ती कल्पकता आणि ही कल्पकता एकाच कारखान्याची, हे मनास फार बोचते. असा मनुष्य आपल्या मुलांपुढे ठेवावा की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी असे ठरविले की ठेवावा, पण अर्धा झाकून ठेवू नये.

ऑक्टोबर १९४४ मधील बाँबहल्ल्यात कारखान्याचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. युद्ध संपताच अमेरिकन अधिकाऱ्यांनी बोर्गवर्ड ह्यांस अटक करून नऊ महिने नजरकैदेत ठेविले. आणि १९४८ पर्यंत त्यांस आपल्या कारखान्याचा कारभार पाहता आला नाही. चौकशीअंती त्यांची गणना नाझींच्या केवळ मागून चालणाऱ्यांत झाली. हा निवाडा सौम्य होता असे म्हणावे लागते.

नजरकैदेत असताना अमेरिकन मासिके त्यांच्या हाती पडत. त्यांत नव्या घडणीच्या मोटारींची चित्रे होती: चाकांवरील पंखे वेगळे न ठेवता साऱ्या अंगाचा एकच सलग आकार केलेल्या. बोर्गवर्ड ह्यांनी ती नीट न्याहाळली. १९४९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात त्यांनी 'हान्सा १५००' मांडली, ती ह्या घडणीची युद्धोत्तर जर्मनीतील पहिली गाडी होय. दरम्यान देशात पोलादाची टंचाई होती व प्रत्येक कंपनीस ठरावीक वाटा मिळे. तेव्हा त्यांनी बोर्गवर्ड, गोलियाथ आणि लॉइड अशा तीन स्वतंत्र कंपन्या केल्या व तीन वाटे मिळविले. ही युक्ती चतुर होती खरी. पण टंचाई संपल्यावरही तीन घरे, तीन हिशेब आणि तीन विक्रीखाती तशीच चालू राहिली. आणि पुढील अरिष्टाचे एक मूळ येथेच होते.

पोलाद नाही म्हणून लाकूड व मेणकापड, असा लॉइडचा जन्म झाला. त्या काळी जर्मनीत चिमुकल्या गाड्यांचे जणू पीकच आले होते. विमाने बांधण्यास बंदी झालेल्या मेसरश्मिट कंपनीने फ्रिट्झ फेंड नामक एंजिनियरची तीनचाकी १९५३ पासून काढली. फेंडने आरंभी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी तशा गाड्या योजिल्या होत्या. तीत दोन माणसे एकामागे एक बसत, वर विमानासारखे पारदर्शक छत असे, आणि तिच्या १९५५ च्या नमुन्यात एंजिन उलटे फिरवून गाडी मागे नेत, त्यामुळे पुढे जाण्याचे जितके गिअर तितकेच मागे जाण्याचे! म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीने इटलीहून हक्क घेऊन १९५५ मध्ये 'इसेटा' काढली. तिचे एकुलते दार गाडीच्या तोंडाशीच होते. शेतीची यंत्रे करणाऱ्या हान्स ग्लास ह्यांची 'गोगोमोबिल' अडीच लाखांहून अधिक खपली. ह्या मेळ्यात लॉइड दिसण्यास साधी होती. पण ती आकाराने लहान असली तरी खरी चार चाकांची, घरच्या चौघांची मोटार होती. जसजसे पोलाद मिळू लागले तसतसे प्रथम बाजूंचे, मग इतर भागांचे लाकूड जाऊन पत्रा आला. १९५५ साली १९ अश्वशक्तीची लॉइड ६०० निघाली. आणि त्या दशकाच्या मध्यास जर्मनीत विक्रीच्या मानाने फोक्सवॅगन व ओपेल ह्यांच्या खालोखाल लॉइडचा क्रमांक लागू लागला. थट्टेचे यमक तोवर मागे पडले होते.

१९५४ साली 'इझाबेला' ही मध्यम आकाराची सुंदर गाडी आली. चाचणीच्या गाड्यांवर काहीतरी नाव घालावयाचे म्हणून बोर्गवर्ड ह्यांनी सहज हे नाव सांगितले आणि तेच कायम झाले, अशी हकीगत आहे. ह्या गाड्या दोन लाखांहून अधिक तयार झाल्या. एवढ्यावर हा मनुष्य थांबता तर! पण एक गाडी पुरती नीट होण्यापूर्वीच दुसरी त्यांच्या डोळ्यांपुढे नाचू लागे. मालमोटारी, शर्यतीच्या गाड्या, हवेच्या उशांवर तरंगणारी मोठी मोटार, इतकेच नव्हे तर 'कोलिब्री' नावाचे हेलिकॉप्टरसुद्धा त्यांनी करविले. सर्व खर्च मुख्यत्वे थोड्या मुदतीच्या हुंड्यांवर चाले. भागीदार नको, मोठ्या पेढीचे बंधन नको, सल्लागार नको, असा त्यांचा बाणा होता.

१९५९ साली लॉइडची 'अराबेला' घाईने बाजारात आली. तिच्यात पावसाचे पाणी शिरे. लोकांनी लगेच तिचे 'अक्वाबेला' केले. पूर्वीच्या मेणकापडाच्या गाडीस गरजू लोकांनी हसून माफ केले होते, परंतु आता लोकांजवळ पैसा होता व ते माफ करीत नव्हते. दुरुस्तीत नफा बुडाला. अमेरिकेतील मागणीही त्याच सुमारास आटली आणि १९६० च्या हिवाळ्यात न विकलेल्या गाड्यांच्या रांगा कारखान्याच्या आवारात उभ्या राहिल्या. वृत्तपत्रांत टीका आली. ब्रेमेनच्या सरकारने कर्जास जामीन राहण्याचे कबूल केले होते. ते आता मागे सरले. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी बारा तासांहून अधिक चाललेल्या वाटाघाटींनंतर सत्तर वर्षांच्या ह्या कारखानदाराने आपला सारा कारखाना, मोबदला न घेता, सरकारच्या स्वाधीन केल्याच्या कागदावर सही केली.

सरकारने योहानेस झेमलर ह्यांस देखरेख मंडळाचे अध्यक्ष नेमले. हेच गृहस्थ बीएमडब्ल्यूच्या देखरेख मंडळावरही होते. आणि प्रतिस्पर्ध्याचा माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसविला, असे पुष्कळांनी तेव्हा म्हटले व अद्याप म्हणतात. त्यात कट होता की केवळ अविचार, हे ठरविणे माझे काम नव्हे. पण अशी नेमणूक झाल्यावर संशय राहणारच. सप्टेंबर १९६१ मध्ये दिवाळे जाहीर झाले. सुमारे वीस हजार कुटुंबांचे पोट ह्या कारखान्यांवर होते. देशात त्या वेळी कामकरी माणसांचा तुटवडा असल्याने बहुतेकांस दुसरीकडे काम मिळाले, हीच त्यांतल्या त्यात बरी गोष्ट.

बोर्गवर्ड ह्यांस हा घाव सोसला नाही. २८ जुलै १९६३ रोजी हृदयविकाराने ब्रेमेन येथे त्यांचे निधन झाले. हवेच्या उशांवर चालणाऱ्या मोठ्या मोटारीचे साचे मेक्सिको देशात विकले गेले व १९६७ पासून काही वर्षे ती गाडी तेथे तयार होत होती. झेबाल्ड्सब्रुकचा कारखाना पुढे मर्सिडीज-बेंझच्या ताब्यात गेला. दिवाळ्याचा हिशेब मिटण्यास आणखी काही वर्षे लागली. मालमत्ता विकून झाल्यावर असे आढळून आले की तीतून सर्व धनकोंची देणी पुरती फेडता आली आहेत.