प्रकाशाचे मूळ शोधणारे रामन

नागभीडजवळच्या घोडाझरी तलावाकाठी दुपारी उभे राहिले, की पाण्यावरची चकाकी डोळ्यांना खुपते. पोलरॉइड चष्मा लावल्यावर ती बरीच कमी होते. पाण्यावरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः एकाच दिशेने कंप पावतो आणि चष्मा नेमका तोच अडवतो. अशा प्रकाशाला ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाती तो शोधाचे साधन बनला.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. १९०७ मध्ये ते अर्थखात्यात अधिकारी झाले. दिवसा सरकारी हिशेब आणि कचेरीआधी व नंतर प्रयोग, असा त्यांचा कलकत्त्यातील दिनक्रम होता. रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला बदली झाली, तरी संशोधनाची ओढ सुटली नाही. १९१७ मध्ये भरपूर पगाराची नोकरी सोडून त्यांनी कलकत्ता विद्यापीठात कमी वेतनाचे प्राध्यापकपद स्वीकारले.

१९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले. समुद्रात आकाशाचेच प्रतिबिंब दिसते, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. योग्य कोनातून पाहत त्यांनी परावर्तित प्रकाश अडवला. निळाई नाहीशी झाली नाही. उलट गडद झाली. म्हणजे ती पाण्याच्या आतूनच येत होती. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मुंबई बंदरात जहाज असतानाच ‘नेचर’ नियतकालिकासाठी पत्र लिहिले. पाणी तांबडा प्रकाश शोषते, हेही निळाईचे मोठे कारण आहे. पण केवळ प्रतिबिंबाची कल्पना त्या प्रयोगाने मोडीत निघाली.

हाच धागा पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या ‘रामन परिणामा’पर्यंत गेला. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात नवा रंग दिसला, तेव्हा ती साधी प्रतिदीप्ती असावी, अशी शंका होती. तो प्रकाश ठळकपणे ध्रुवीकृत आढळल्याने ती फिटली. १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाश कसा निर्माण झाला, हे त्याच्या कंपनाची दिशा सांगते. खगोलशास्त्रज्ञही हीच खूण वापरतात. क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे. त्यांपैकी काहींमधून कणांचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतात. तिथे यान पोहोचू शकत नाही. हाती येतो तो फक्त प्रकाश. नुसत्या तापलेल्या वायूचा प्रकाश सहसा ध्रुवीकृत नसतो, तर चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा असतो. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांना ‘एम ८७’ दीर्घिकेतील अशाच झोताचा प्रकाश ध्रुवीकृत आढळला. त्यामुळे तो झोत उष्णतेने नव्हे, तर अशा इलेक्ट्रॉनांमुळे उजळतो, याला पुष्टी मिळाली. आज कंपनाच्या दिशेवरून क्वासारच्या झोतांतील चुंबकीय क्षेत्राचा वेधही घेतला जातो.

रामन यांचे २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरु येथे निधन झाले. एका छोट्या प्रिझमने त्यांनी समुद्राची परीक्षा घेतली. त्याच तत्त्वावर आज अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या झोतांची परीक्षा होते.