मेंढ्यांच्या जंतांचे औषध कोंबडीमुळे कसे सापडले?

रहिमतपूर : पावसाळा लागला की शेळ्या-मेंढ्यांना जंताचे औषध पाजायचे, हे कोरेगाव तालुक्यातल्या पशुपालकांना सांगावे लागत नाही. ओल्या गवताबरोबर हिमॉन्कस या जंताच्या अळ्या पोटात जातात. जंत रक्त शोषतो, पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साठते. त्यावर दिले जाणारे लेव्हामिसोल डॉ. पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेतून आले.

यान्सेन यांचा जन्म १२ सप्टेंबर १९२६ रोजी बेल्जियममधल्या टर्नहाउट गावी झाला. वडील डॉक्टर; औषधांचा व्यापारही करायचे. धाकटी बहीण क्षयाच्या मेंदूज्वराने लहानपणीच गेली. वैद्यकीय शिक्षणानंतर १९५३ मध्ये वडिलांकडून कर्ज घेऊन त्यांनी प्रयोगशाळा थाटली. मानसिक आजारावरचे हॅलोपेरिडॉल आणि भुलीचे फेंटानिल तिथलेच. जगात त्यांचे नाव झाले ते या औषधांनी; गोठ्यातले औषध मागेच राहिले.

जंतांवरचे औषध शोधताना एक कोडे पडले. एक रसायन कोंबड्या आणि मेंढ्यांतले जंत मारत होते, पण उंदरांत त्याचा काहीच उपयोग होत नव्हता. चाचणी फक्त उंदरांवर झाली असती, तर ते तिथेच बाद झाले असते. यान्सेन यांच्या चमूने मात्र असे का होते, याचा पाठपुरावा केला. कोंबडीच्या शरीरात त्या रसायनाचे रूपांतर होऊन दुसराच पदार्थ तयार होत होता आणि जंतांवर खरा घाव तो घालत होता. उंदराच्या शरीरात तो बनतच नव्हता. अशा पदार्थांचा माग काढत १९६६ मध्ये टेट्रामिसोल हाती आले. त्यात एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत असे दोन रेणू असतात. कामाचा त्यातला डावा, तोच लेव्हामिसोल. तो वेगळा काढल्यावर निम्म्या मात्रेत काम भागू लागले. या औषधाने जंताचे स्नायू आखडतात आणि तो लेंडीवाटे बाहेर पडतो.

पुढे हेच औषध अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी विकले गेले, तेव्हा माणसाची गोळी मेंढीच्या औषधाच्या सुमारे शंभरपट महाग असल्याची टीका झाली. ती रास्तच होती.

यान्सेन ११ नोव्हेंबर २००३ रोजी रोममध्ये वारले. तोवर अनेक देशांत जंत या औषधाला सरावले होते. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे नव्या गटातले औषध आले. काही वर्षांतच त्यालाही दाद न देणारे जंत तिथे सापडले. लेव्हामिसोलची मेंढीची मात्रा किलोमागे साडेसात मिलिग्रॅम. कमी पडली तर चिवट जंत उरतात, फार झाली तर विषबाधा होते. म्हणून वजन अंदाजाने नव्हे, काट्यावरच करावे.