जुने द्रव्य, नवा हक्क

शिरोळच्या शेजारची सांगली ही हळदीची मोठी पेठ. जखमेवर हळद लावावी, हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही 1995 मध्ये याच उपयोगावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर केले, तेव्हा 1997 मध्ये ते रद्द झाले. या संदर्भात शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र आठवावे.

1867 मध्ये मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी किराणा मालाचे आपोआप वजन करणाऱ्या यंत्राच्या जोरावर लंडनची स्पर्धा जिंकली. पुढे तेथेच त्यांनी मुद्रणाचे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र घडविले. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले, सर रतन टाटांनी पैसा पुरविला. परंतु व्यापारी यश हाती लागले नाही. अखेर ते न्यूयॉर्कला गेले. आयोडीन 1811 पासून ज्ञात होते; भिसे यांनी त्यापासून पोटात घेण्याजोगे ‘ॲटोमिडीन’ हे औषध सिद्ध केले. 1935 मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले.

भेद आहे तो येथेच. ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग आपला पेटंट कायदा शोध मानीत नाही, आणि ते योग्यच आहे. अन्यथा आजीबाईच्या बटव्यावरही कोणी मालकी सांगेल. मात्र जुन्या द्रव्यातून श्रमाने नवे घडविणाऱ्यास स्वदेशीच आधार मिळाला पाहिजे. शिक्षक-विद्यार्थ्यांनीही गावोगावचे औषधी ज्ञान तारीखवार लिहून ठेवावे. हळद वाचली ती लेखी पुराव्यामुळे.