‘शोला जो भडके’वर सगळे नाचतात, पण चिक चॉकलेट हे नाव कुणाला आठवतं का?

वरात नागपूरच्या धरमपेठेतली असो नाहीतर पुण्याच्या सदाशिव पेठेतली, ‘शोला जो भडके’ लागलं की भगवानदादांची स्टेप करणारा एक तरी काका निघतोच. गाणं सी. रामचंद्रांचं, हेही बऱ्याच जणांना माहिती असतं. पण त्यांच्यासोबत बसून वाद्यमेळ बांधणारा गडी मात्र विसरला गेला.

त्याचं नाव चिक चॉकलेट.

हे अर्थातच टोपणनाव. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. तेव्हा गोव्यात चर्चच्या शाळेतच पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवायचे. त्यामुळे तिथली पोरं कागदावरचं संगीत घडाघडा वाचायची. चिकने हातात ट्रम्पेट घेतलं आणि गुरू मानला लुई आर्मस्ट्राँगला. इतका, की हातातला रुमालही त्याच्यासारखाच. साहजिकच लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

1940 च्या दशकात तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवायचा. ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ या नावाने त्याच्या तबकड्याही निघाल्या. 78 आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. धून मांडायची, एकेकाने आपली करामत दाखवायची आणि पुन्हा धुनेवर यायचं, सगळं तेवढ्यात.

पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या आणि जॅझवाले सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले.

तिथे त्यांची गरज होतीच. सी. रामचंद्र गाणं शिकले ते नागपुरात शंकरराव सप्रेंकडे. वसंतराव देशपांडे त्यांचे गुरुबंधू. तालीम रागदारीची, आणि रागदारीत एका वेळी एकच सुरावट पुढे जाते. जॅझमध्ये मात्र ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, प्रत्येकाला वेगळी ओळ लागते आणि तरी सगळं एकत्र जुळावं लागतं. ती ओळ कागदावर उतरवून देणारा माणूस म्हणजे चिक. 1951 च्या ‘अलबेला’त हा मेळ असा जमला, की चिकचा बँड थेट पडद्यावरही झळकला.

पण तबकडीवर नाव छापून यायचं गायकाचं आणि संगीतकाराचं. सुरांची मांडणी करणाऱ्याला तिथे जागाच नव्हती. त्याच वर्षी ‘नादान’ला चिकने स्वतंत्रपणे संगीत दिलं, तरी सिनेसृष्टीत त्याची ओळख साहाय्यक हीच राहिली.

त्याला बघायचं असेल तर 1966 च्या ‘आखरी खत’मधलं ‘रुत जवां जवां’ काढा. क्लबचा सीन आहे. भूपिंदर सिंग गिटार घेऊन गातोय आणि ट्रम्पेट वाजवणारा तो चिक. पुढच्याच वर्षी, ऐन पन्नाशीत तो गेला.