वकिलातीतून पेढीकडे

राज्यशास्त्राच्या पुस्तकात परराष्ट्र खात्याचा अधिकारी एका प्रकरणात भेटतो आणि बँकवाला दुसऱ्या. एक देशाचे हित पाहतो, दुसरा व्याजाचे. १९०९ सालच्या जून महिन्यात विलर्ड स्ट्रेट नावाचा एकोणतीस वर्षांचा अमेरिकन तरुण पहिल्या प्रकरणातून उठला आणि दुसऱ्यात जाऊन बसला. त्याचे चरित्र वाचताना राहून राहून वाटते, की त्याला फार चालावे लागलेच नाही.

स्ट्रेटचा जन्म १८८० चा, न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो गावचा. आईवडील दोघेही शिक्षक. वडील लवकर गेले. आई जपानात शिकवायला गेली, तेव्हा हाही तिच्याबरोबर गेला. दहा वर्षांचा होतो न होतो तोच तीही गेली. पोरका झालेला हा मुलगा हूड होता, पण बोटांत कला होती. कॉर्नेल विद्यापीठात त्याने वास्तुशास्त्र घेतले आणि १९०१ साली पदवी मिळवली. घरे बांधण्याऐवजी तो चीनच्या जकात खात्यात नोकरीला लागला. हे खाते मोठे विलक्षण. जकात चीनची, पण वरचे अधिकारी परदेशी, मुख्य रॉबर्ट हार्ट हा इंग्रज अमलाखालच्या आयर्लंडचा, आणि उत्पन्नाचा मोठा भाग परकीयांची कर्जे व नुकसानभरपाई फेडण्यात जाणारा. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास वाचलेल्या आपल्यासारख्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये. स्ट्रेट तिथे चिनी भाषा शिकला आणि राज्याची नाडी तिजोरीत असते हेही शिकला.

१९०४ साली रशिया-जपान युद्ध पेटले तेव्हा तो वार्ताहर झाला. पुढच्या वर्षी अमेरिकन वकिलातीत नेमणूक होऊन सेऊलला गेला. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत जपानने कोरियाला आपल्या संरक्षणाखाली घेतले, आणि अमेरिकेने मुकाट्याने आपली वकिलात गुंडाळली. हा सल त्याच्या मनातून गेला नाही. १९०६ साली तो मांचुरियात मुकदेनला कॉन्सल जनरल म्हणून आला तो हा निश्चय करूनच, की कोरियाचे झाले ते मांचुरियाचे होऊ द्यायचे नाही. सैन्य पाठवायला अमेरिका तयार नव्हती. मग उरला पैसा. जपानच्या ताब्यातील रेल्वेशेजारी अमेरिकन भांडवलाची रेल्वे उभी राहिली, तर जपानला लगाम बसेल, असा त्याचा हिशेब. रेल्वेसम्राट हॅरिमन याच्याशी त्याने संधान बांधले, तांग शाओयी या चिनी अधिकाऱ्याबरोबर बँकेचा मसुदा केला. पण १९०७ च्या आर्थिक अरिष्टाने ती योजना बारगळली.

तेव्हा १९०९ साली त्याने राजीनामा दिला आणि मॉर्गन, कून-लोब आदी न्यूयॉर्कच्या पेढ्यांच्या गटाचा चीनमधील प्रतिनिधी झाला, यात नवल ते काय? गंमत अशी की, हा गट परराष्ट्र खात्याच्याच आग्रहावरून जमला होता. नव्या प्रतिनिधीला चीनच्या कर्जात वाटा मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी स्वतः चीनच्या राजप्रतिनिधीला तार केली. पगार कोण देतो एवढेच बदलले होते. स्ट्रेटचा प्रामाणिक विश्वास होता, की आपण पेढीचे काम करताना देशाचेच, आणि चीनचेही, काम करतो आहोत. पेढीवाल्यांना मात्र मांचुरियापेक्षा सुरक्षित तारणात रस होता, आणि या ओढाताणीत तो वारंवार त्रासला.

२० मे १९११ रोजी इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका या चार देशांच्या बँकांनी चीनशी हुकुआंग रेल्वेच्या साठ लाख पौंडांच्या कर्जाचा करार केला. व्याज शेकडा ५, मुदत ४० वर्षे, तारण हूनान व हूपे प्रांतांतील मिठाचे व अंतर्गत जकातीचे उत्पन्न. स्ट्रेटच्या दोन वर्षांच्या खटपटीचे हे फळ. आता पलीकडची बाजू पाहावी. या कर्जासाठी सरकारने प्रांतांच्या रेल्वे कंपन्या आपल्याकडे घेतल्या. सेचुआन प्रांतात तर जमिनीच्या उत्पन्नावर पट्टी बसवून भांडवल जमवले होते. साध्या शेतकऱ्याच्या नावावरही भाग होते. मोबदला म्हणून त्याला रोख पैसा नव्हे, सरकारी रोखे मिळणार होते. आपल्या घामाची रेल्वे परक्यांकडे गहाण पडली, ही भावना वणव्यासारखी पसरली. दुकाने बंद झाली, सप्टेंबरात चेंगतू येथे जमावावर गोळीबार झाला. बंदोबस्तासाठी हूपेमधून पलटणी सेचुआनकडे हलवल्या, आणि मागे राहिलेल्या सैनिकांनी १० ऑक्टोबरला वूचांग येथे बंड केले. चार महिन्यांत, १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, चिंग राजघराण्याने गादी सोडली. क्रांतीची कारणे पुष्कळ होती, सगळे खापर या एका करारावर फोडणे बरोबर नाही. पण ठिणगी तिथली होती.

त्याच सप्टेंबर महिन्यात जिनिव्हा येथे स्ट्रेटचा विवाह डोरोथी व्हिटनी या धनाढ्य घराण्यातील तरुणीशी झाला. नवदांपत्य पेकिंगला पोहोचले ते उलथापालथीच्या ऐन मध्यावर. १९१३ साली नवे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नव्या चिनी कर्जाला पाठिंबा नाकारला, कारण त्याच्या अटींमुळे चीनच्या कारभाराच्या स्वातंत्र्यावर घाला येतो असे त्यांचे मत पडले. पेढ्यांचा गट लगोलग बाहेर पडला. सरकारचा हात निघताच खाजगी उद्योग म्हणून काही शिल्लकच उरले नाही!

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येईल. १९१४ साली पतिपत्नींच्या पैशाने हर्बर्ट क्रोली यांच्या संपादकत्वाखाली ‘न्यू रिपब्लिक’ साप्ताहिक निघाले. १९१५ साली स्ट्रेटने मॉर्गनची नोकरी सोडली. अमेरिका युद्धात उतरल्यावर तो सैन्यात गेला. तह परिषदेच्या तयारीसाठी पॅरिसला आला असताना १ डिसेंबर १९१८ रोजी, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, अडतिसाव्या वर्षी वारला. कॉर्नेलमधील जीवन अधिक माणुसकीचे व्हावे म्हणून काही करावे, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात पत्नीजवळ व्यक्त केली होती. तिने त्याच्या नावे विद्यार्थ्यांसाठी उभारलेले सभागृह १९२५ साली खुले झाले. याच कॉर्नेलमुळे तिची लेनर्ड एल्महर्स्ट यांच्याशी ओळख झाली. रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनला तिने केलेले साहाय्य त्यांच्यामार्फतच आले, आणि पुढे दोघांनी विवाह केला.

हुकुआंगचे रोखे मात्र धन्यापेक्षा दीर्घायुषी ठरले. त्यांची मुदत १९५१ साली संपली, तोवर चीनमध्ये कम्युनिस्ट राज्य आले होते आणि पैसे कोणी देईना. १९७९ साली काही अमेरिकन रोखेधारकांनी अलाबामाच्या न्यायालयात चीनवर दावा लावला. १९८२ साली चार कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा एकतर्फी हुकूमनामा झाला. चीनने तो मानण्यास साफ नकार दिला. अखेर अमेरिकेचे परराष्ट्र खाते न्यायालयात उभे राहिले, या वेळी चीनच्या बाजूने, आणि १९८४ साली हुकूमनामा रद्द झाला.