संकटातल्या भगिनींची आई : सावित्रीबाई फुले



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी काही लेखिका नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली आणि पुढचे सारे दिवस घरसंसारात गेले. तरी ज्या बाईंच्या कष्टांमुळे आपल्यासारख्यांना अक्षरओळख झाली, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे हे कर्तव्यच समजून लेखणी हाती घेतली आहे.

सावित्रीबाईंचे नाव निघाले की आपल्याला मुलींची शाळा आठवते. ३ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालतो, मुलींची भाषणे होतात. ते सर्व योग्यच आहे. परंतु त्यांनी आणखी एक काम केले, ते शाळेइतकेच मोठे होते आणि त्याची चर्चा मात्र आपण दबक्या आवाजात करतो. जिला कोणी फसविले, जिच्यावर जुलूम झाला आणि वर जिलाच लोकांनी गुन्हेगार ठरविले, अशा स्त्रीला त्यांनी आपल्या घरात घेतले. त्या कामाची ओळख व्हावी म्हणून हा लेख.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. आईचे नाव लक्ष्मीबाई. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरी आल्यावर नवऱ्यानेच बायकोला लिहायला वाचायला शिकविले, ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट ! १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

पुढे काय झाले ते आपण सर्वजणी ऐकून आहोत. शाळेच्या वाटेवर लोकांनी त्यांच्या अंगावर शेण टाकले, चिखल टाकला, खडे मारले. त्या जवळ एक जादा लुगडे ठेवीत आणि शाळेत जाऊन ते नेसत. आपण ही गोष्ट मुलांना कौतुकाने सांगतो, पण जरा थांबून विचार करावा. भर रस्त्यात एका तरुण बाईवर रोज हल्ला होत होता आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसे पाहत उभी होती. लोकांच्या दडपणाखाली सासऱ्यांनीही १८४९ साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. त्या वेळी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. त्या घरच्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या बरोबरीने शाळेत शिकवू लागल्या. अंगावर घाव झेलणे म्हणजे काय आणि अशा वेळी कोणी दार उघडले तर जिवाला किती आधार वाटतो, या दोन्ही गोष्टी सावित्रीबाईंनी विशीच्या आतच अनुभवल्या होत्या.

१८५२ साली त्यांनी महिला सेवा मंडळ काढले. त्या वर्षीच्या संक्रांतीला तिळगुळाचा समारंभ करून सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसविले. आज आपण जे मंडळ चालवितो, त्याची ही थोरली बहीणच म्हणायची.

आता ज्या कामासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळते. त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत. नवरा दगावला की त्या पोरीचे केशवपन करायचे, आलवण नेसवायचे आणि घराच्या एका कोपऱ्यात जन्मभर राबवून घ्यायचे. विधवांना पुनर्विवाह करता येईल असा कायदा १८५६ साली झाला खरा, पण तो कागदावर राहिला. अशा निराधार मुलींवर घरातल्या वा नात्यातल्या पुरुषांची वाईट नजर पडे. दिवस गेले की पुरुष नामानिराळा राहत असे आणि सारा कलंक बाईच्या माथी येत असे. मग चोरून औषधे घेणे, विहीर जवळ करणे, नाहीतर जन्मलेले मूल मारून टाकणे, यांखेरीज तिला वाट उरत नसे.

जोतीरावांचे एक मित्र होते सदाशिव बल्लाळ गोवंडे. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक गरीब ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. ती चांगल्या चालीची होती. एका शास्त्र्याने तिला नादी लावले. तिला दिवस गेले तेव्हा त्याने हात झटकले. तिने गर्भ पाडण्याची औषधे घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मुलगा झाला. लोकलज्जेने वेडी होऊन तिने आपल्या हातांनी त्या बाळाचा जीव घेतला आणि त्याला घरामागच्या विहिरीत टाकले. पुढे पोलिसांना पत्ता लागला, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

बाळाचा जीव गेला हे भयंकरच. त्या अपराधाचे कोणी समर्थन करणार नाही. पण कोर्टाने फक्त शेवटचा अपराध पाहिला. त्याआधी जो अपराध काशीबाईवर झाला होता, त्याची ना चौकशी झाली ना शिक्षा. शहराला ती खुनी दिसली. सावित्रीबाईंना आणि जोतीरावांना मात्र तिच्या ठिकाणी एक फसलेली, एकटी पडलेली लेक दिसली. तिला वेळेवर कोणी जवळ केले असते, तर बाळही वाचले असते आणि आईही वाचली असती, हे त्यांच्या मनाने घेतले.

खटला संपताच, म्हणजे १८६३ साली, या दांपत्याने पुण्यात आपल्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. स्वतःच्या अंगणात हे काम करणे म्हणजे लोकनिंदा घरात बोलावून घेण्यासारखेच होते. शाळा शिकविते म्हणून ज्यांनी शेण फेकले, ते आता काय बोलले असतील याची कल्पना आपण करू शकतो. तरीही हे गृह झाकून ठेवण्यासारखे आहे असे त्यांना वाटले नाही. त्यांनी जाहिराती छापून घेतल्या आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटविल्या. अडचणीत सापडलेल्या विधवेने येथे यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे की येथे ठेवावे हे तिच्या मर्जीवर राहील, असा त्यांचा मतलब होता. बाईचे नाव गुप्त ठेवायचे, पण घराचा पत्ता मात्र सगळ्या गावाला कळवायचा, अशी ती योजना होती.

भगिनींनो, बाळंतपण म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. रात्रीची जागरणे, शेकशेगडी, न्हाऊमाखू, बाळंतिणीचे जेवण, बाळाचे दुपटे. त्यात येणारी बाई भ्यालेली, पापाच्या भीतीने खंगलेली. सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते, पण अशा बायकांचे माहेरपण त्यांनी केले. त्यांची जात विचारली नाही आणि दोषही काढला नाही. ज्यांनी आपल्याला वाळीत टाकले त्याच समाजाच्या या मुली आहेत, असे म्हणून त्या मागे सरल्या नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८८४ सालच्या डिसेंबरात लिहिलेल्या एका टिपणात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची ५ मुले जगली आणि ३० दगावली. पोट लपविण्यासाठी त्या बायकांनी आधीच जहाल औषधे घेतली होती, त्यांनी गर्भाला इजा झाली होती. हा आकडा वाचून माझ्या अंगावर काटा आला. घर होते, माया होती, पण बाई तेथपर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असे. आधार असून पुरत नाही. तो आहे हे बाईला आधीच ठाऊक असावे लागते आणि तेथे जाण्याची भीती वाटता कामा नये.

१८६८ सालच्या ऑगस्टात सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक प्रसंग कळविला आहे. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि तेव्हा अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या समाजातील सारजा नावाची मुलगी यांचे प्रेम जमले होते. मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती. गावकऱ्यांना हे कळताच त्यांनी दोघांना धरले, मारीत गावातून फिरविले आणि जिवे मारण्याचा बेत केला. सावित्रीबाईंना बातमी लागताच त्या धावत तेथे गेल्या. इंग्रजी राज्यात खून केला तर काय परिणाम होईल याची त्यांनी लोकांना जाणीव दिली. जमाव वरमला, पण दोघांनी गाव सोडावे एवढा हट्ट राहिला. तो मान्य करून सावित्रीबाईंनी त्यांना सुखरूप जोतीरावांकडे रवाना केले. खवळलेल्या जमावापुढे एकटी बाई उभी राहिली, तिच्या हाती ना काठी ना अधिकार. कायद्याची माहिती आणि मनाचे धैर्य या दोनच गोष्टींवर दोन जीव, नव्हे तीन जीव, वाचले.

१८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नरकडे ओतूरला मदतीच्या कामात होत्या. तेथे दंगा झाला तेव्हा सत्यशोधक समाजाच्या ५० कार्यकर्त्यांना पकडण्यात आले. सावित्रीबाईंनी कलेक्टरांना भेटून खरी हकीकत समजावून दिली आणि निरपराध माणसे सोडवून घेतली.

गृहात आलेल्या बायकांमध्ये १८७४ साली आणखी एक विधवा आली. तिचेही नाव काशीबाईच. तिला मुलगा झाला. पहिल्या काशीबाईचे बाळ विहिरीत गेले, या काशीबाईचे बाळ सावित्रीबाईंच्या मांडीवर आले. त्यांनी त्याला दत्तक घेतले, यशवंत नाव ठेवले, शिकवून डॉक्टर केले. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी कोण देणार हा प्रश्न होता. तो हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांनी सोडविला आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांच्या कन्येशी यशवंतांचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. तेव्हा भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली. त्यावर सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीला अग्नी दिला. आपल्या लेकराचा अपमान त्या आईने स्मशानाच्या वाटेवरही होऊ दिला नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. यशवंतांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना घातला आणि सावित्रीबाई रोगी आणून पोचवू लागल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला, पांडुरंगला, त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. जे मूल जन्मताच विहिरीत जायचे, ते डॉक्टर होऊन शेवटी रोग्यांच्या कामी आले. त्या घराने काय साधले हे यावरून समजते.

भगिनींनो, आता काळ पालटला आहे. बाईला संकटात १८१ किंवा ११२ या नंबरांवर फोन करता येतो. मुलांसाठी १०९८ आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना फुकट वकील मिळतो. अत्याचार झालेल्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१३ साली मनोधैर्य योजना सुरू केली. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. बलात्कारासारख्या अपराधात पीडित स्त्रीचे नाव उघड करणे हा कायद्यानेच गुन्हा ठरविला आहे. जी काळजी सावित्रीबाईंनी १८६३ साली घेतली, ती आता कायद्यात आली आहे.

पण कायदा घरोघर जाऊन दार ठोठावीत नाही. ते काम शेजारणीचे आहे. आपल्या आळीत रात्री कोणाच्या घरातून मार खाल्ल्याचा आवाज येतो, आणि आपण खिडकी लावून घेतो. कोणा मुलीवर प्रसंग गुदरला तर आपला पहिला प्रश्न असतो की ती तेथे गेलीच कशाला. सकाळी नळावर तिचे नाव या तोंडाचे त्या तोंडी होते. असे झाले म्हणजे उद्या दुसरी मुलगी तोंड उघडत नाही. मग तिच्यापर्यंत मदत पोचते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. मंडळाच्या दाराशी हे नंबर मोठ्या अक्षरांत लावावेत, सावित्रीबाईंनी भिंतींवर जाहिराती लावल्या तसे. चौकीत किंवा कोर्टात एकटीने जायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून बरोबर जाणाऱ्या चार-पाच जणींची नावे ठरवून ठेवावीत. आणि मंडळात कोणी मन मोकळे केले तर ती गोष्ट मंडळाच्या उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असा नेम आपण सर्वजणींनी करावा. यासाठी पैसा लागत नाही की मोठे शिक्षण लागत नाही.

येत्या ३ जानेवारीला तसबिरीला हार तर घालूच. त्याआधी दारावरची ती पाटी लागलेली असावी, एवढीच इच्छा व्यक्त करते आणि सावित्रीबाईंच्या स्मृतीस वंदन करून हा लेख पुरा करते.