शांता आपटे : एका मानी गायिका-नटीची कहाणी

शांता आपटे कोण, असा प्रश्न आपल्या कॉलेजच्या आवारात विचारला तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. एखादा फार तर म्हणेल की नयना आपटे ठाऊक आहेत, त्यांच्या या कुणी लागतात का? होय, त्या नयना आपट्यांच्या मातोश्री. पण ओळख अशी उलट्या बाजूने करून द्यावी लागते याचे वाईट वाटते, कारण एके काळी या बाईंचे गाणे आणि अभिनय पाहण्यासाठी पुण्या-मुंबईपासून लाहोरपर्यंत लोक थिएटरांवर गर्दी करीत.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, दुधनीचा. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे हे रेल्वे स्टेशनचे गाव. वडील तेथे स्टेशनमास्तर होते. गाण्याचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले, आणि लहान वयातच पुण्याच्या गणेशोत्सवात त्या गाऊ लागल्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटात त्या राधा झाल्या. कृष्ण होते शाहू मोडक. त्या वेळी बोलपट अवघा एका वर्षाचा होता. रंगभूमीवर बालगंधर्वांसारखे पुरुष नट स्त्रियांच्या भूमिका करीत होते, आणि पांढरपेशा घरातली मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली की चार लोक नाक मुरडत. दुर्गा खोटे यांनी त्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती केली तेव्हाही हेच झाले. शांताबाईंचा व्यवहार त्यांचे थोरले बंधू बाबूराव पाहत.

पुढे प्रभात फिल्म कंपनीने त्यांना घेतले. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. पुण्यातला तिचा पहिला बोलपट 'अमृतमंथन' (१९३४). त्यात शांताबाईंना नायकाच्या बहिणीची, सुमित्रेची भूमिका होती. संगीत केशवराव भोळ्यांचे. त्या काळचे नट गाणे आले की ताठ उभे राहत, नजर एकीकडे लावीत आणि पद म्हणून टाकीत. शांताबाई गाताना हातांनी, डोळ्यांनी, मानेने गाण्याचा अर्थ सांगत. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण पडद्यावर गाणे आणि अभिनय एकजीव करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांचे नाव घ्यावे लागेल. १९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गा खोटे यांच्या बरोबर काम करूनही त्या झाकल्या गेल्या नाहीत.

मात्र शांता आपटे म्हणजे 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली हा बोलपट काढला. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. नीरा ही मामाकडे वाढलेली पोरकी मुलगी. मामा तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांना तिच्यापेक्षा मोठी मुलगी आहे, तरणा मुलगा आहे. (केशवराव दात्यांचे काकासाहेब मिशांना कलप लावतात ते पाहून हसू येते आणि लगेच कीवही येते.) नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, म्हणून मी या माणसाची बायको नाही, एवढे एकच ती धरून बसते. वाह्यात सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्याला ती छडीने झोडपून काढते. या बोलपटात पार्श्वसंगीत नाही, घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवरच सारे भागवले आहे. त्यामुळे शांताबाईंचा गळा अगदी उघडा ऐकू येतो. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही त्या त्यात गायल्या आहेत. मराठी घरातली सून इंग्रजी कविता गाते आहे, हे त्या वेळच्या प्रेक्षकांना केवढे धक्कादायक वाटले असेल!

आम्ही गारखेड्याच्या घरी हा बोलपट मोबाइलवर पाहिला. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली. बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मला दोन स्थळे सांगून आली होती, आणि ती परत पाठवली ती आईने. आई शेजारी बसून शेवटपर्यंत पाहत होती. शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते आणि ते स्वतःचा जीव देऊन नीरेला मोकळे करतात. आईला हा शेवट पटला नाही. म्हातारा मेला म्हणून पोरगी सुटली, मग पोरीने जिंकले काय, असे तिचे म्हणणे पडले. कादंबरीचे नावच 'न पटणारी गोष्ट' आहे हे तिला सांगितल्यावर ती हसली. पण आईचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. सिनेमातल्या नीरेची सुटका दुसऱ्याने केली. शांताबाईंना आपली सुटका स्वतःच करावी लागली.

१९३८ च्या 'गोपालकृष्ण'मध्ये त्या राधा होत्या, रामभाऊ मराठे कृष्ण. त्यानंतर प्रभातच्या बोलपटात त्यांना भूमिका नाही. (१९३९ च्या 'माणूस'मधल्या नायिका शांता हुबळीकर, या दोघींची गल्लत पुष्कळ जण करतात.) त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. करार असेपर्यंत बाहेर काम करायचे नाही असा नियम. कंपनीने काम दिले नाही तर गाणारीने गळा घेऊन घरी बसायचे. करार आणि पगार यांवरून वाद वाढला, आणि जुलै १९३९ मध्ये शांताबाईंनी प्रभातच्या फाटकाशीच उपोषण आरंभले. देशभर नावाजलेली नटी कंपनीच्या दारात उपाशी बसली! वर्तमानपत्रांत गहजब झाला. काहींनी हा जाहिरातीचा प्रकार ठरवला.

मला तसे वाटत नाही. तो काळच तसा होता. १९३८ मध्ये आपल्या याच शहरातल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यासाठी निजामाच्या राज्यात सत्याग्रह केला. मार्च १९३९ मध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले. देशासाठी वापरायचे हत्यार एका बाईने स्वतःच्या मजुरीसाठी उचलले, हेच लोकांना सोसले नसावे. तिकडे हॉलिवूडमध्ये बेटी डेव्हिस ही नटी १९३६ साली असाच करार मोडू पाहत होती, तर कंपनीने तिच्यावर लंडनच्या कोर्टात दावा लावून तो जिंकला. ऑलिव्हिया डी हॅविलंड हिने १९४४ मध्ये कोर्टातून आपली मोकळीक मिळवली, तेव्हा कुठे तिकडच्या कलावंतांना श्वास घेता आला. शांताबाईंच्या पाठीशी ना कोर्ट होते, ना नटांची बलवान संघटना. तरीही त्या प्रभातमधून बाहेर पडल्या आणि पुढे स्वतंत्रपणे काम करू लागल्या.

दुसऱ्याच वर्षी, १९४० साली, त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आले. नटीने पुस्तक लिहायचे म्हणजे आपल्या यशाच्या गोष्टी आणि फोटो, अशी आपली समजूत. इथे मात्र सिनेमाचा धंदा कसा चालतो, पैसा कोणाच्या हाती जातो आणि श्रम कोणाचे असतात, याची रोखठोक चर्चा आहे. सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींपुढे त्यांनी पायघड्या घातल्या नाहीत, दारही लावून घेतले नाही. शीर्षकातले प्रश्नचिन्ह त्यांनी विचारपूर्वक ठेवले असावे.

प्रभातबाहेर पडल्यावर त्यांनी केलेले एक काम थक्क करणारे आहे. १९४१ च्या 'सावित्री' या तमिळ बोलपटात त्या सावित्री झाल्या, आणि त्यासाठी तमिळ शिकून संवाद आणि गाणी स्वतः म्हणाल्या. त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची! कर्नाटक संगीताच्या त्या थोर गायिकेबरोबर, परक्या भाषेत, दुधनीच्या मुलीने उभे राहणे सोपे नव्हते. १९४२ मध्ये लाहोरच्या पंचोलींच्या 'जमीनदार'मध्ये गुलाम हैदर यांच्या संगीतावर त्या गायल्या. १९४३ च्या विश्राम बेडेकरांच्या 'दुहाई'त नूरजहाँ त्यांच्याबरोबर होत्या. १९४६ मध्ये मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' आला, भालजींचा 'वाल्मीकी' आला.

पण वारे बदलत होते. १९३५ पासून पार्श्वगायन सुरू झालेलेच होते. चाळीसच्या दशकाअखेर ते सर्वत्र रूढ झाले. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, असे जमू लागले. स्वतः गाऊन स्वतः अभिनय करणाऱ्या नटीची गरज उरली नाही. शांताबाई 'शिलंगणाचे सोने', 'कुंकवाचा धनी', 'ताई तेलीण' अशा मराठी चित्रपटांत आणि मग हिंदी पौराणिक चित्रपटांत दिसत राहिल्या, पण 'कुंकू'सारखी भूमिका पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही.

प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, आणि १९६० साली तिच्याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ज्या फाटकाशी शांताबाई उपाशी बसल्या, त्याच आवारात देशभरातल्या मुली सिनेमा शिकायला येऊ लागल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे दीर्घ आजाराने शांताबाईंचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आत होते. जुने बोलपट जपून ठेवण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेही त्याच महिन्यात.